देवकाचा कोरा रकाना

पौडहून कोळवणकडं वळलं की डाव्या हाताला आमचं घर. त्याच्या पुढच्या खोलीत मी बावीस वर्षं वधू-वर सूचक केंद्र चालवते. खोलीत टेबल, सहा खुर्च्या, पाण्याचा माठ आणि टेबलावर कॉम्प्युटर. जुना कॉम्प्युटर बंद करून कोपऱ्यात ठेवलाय, त्याच्यावर चादर टाकून. भंगारवाला दोनदा विचारून गेला आणि दोन्ही वेळा मी त्याला काहीतरी लागट बोलले. माझी जीभ तशीच आहे. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, "लोकांची लग्नं जुळवतेस आणि स्वतः कुणाशी दोन वाक्यं सरळ बोलत नाहीस."

त्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये माझी डेटाबेसची फाइल होती. त्या फाइलीत एक मुलगी होती, जिला मी अकरा वर्षं एकही स्थळ दाखवू शकले नाही. तिच्याबद्दल लिहायला बसलेय, पण आधी फाइलीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

सुरुवातीला वह्या होत्या. मुलांची निळी, मुलींची तांबडी. एखाद्या मुलाची आई आली की तिच्या हातात तांबडी वही द्यायची. ती बोट फिरवत पानं उलटायची, मध्येच थांबून "ही कुनाची वो, वळखीची वाटतीया" म्हणायची. हव्या त्या मुलीपर्यंत पोचेस्तोवर नको असलेल्या वीस मुली तिच्या डोळ्यांखालून जायच्या. तेव्हा मला ती वेळेची नासाडी वाटायची.

आमच्या भागात आडनावं वेगळी असली म्हणजे भागलं, असं नसतं. घराण्याचं देवक असतं. कुणाचं कळंब, कुणाचं पंचपालवी, कुणाचा वड. लग्नाआधी त्याची डहाळी आणून पुजतात. दोन्हीकडं देवक एकच निघालं की ती घरं भाऊभाऊ, मुलगा-मुलगी भावंडं आणि विषय संपला. सुरुवातीच्या दिवसांत मी जुळवलेल्या एका स्थळात सुपारी फोडायच्या दिवशी, जेवणाची पानं मांडलेली असताना, एका म्हाताऱ्यानं देवक विचारलं. दोन्हीकडं कळंब. माणसं पानावरून उठली. मुलीच्या बापानं एकदा माझ्याकडं बघितलं. पुढे कित्येक दिवस मला जेवण गोड लागलं नाही. तेव्हापासून ठरवून टाकलं, पहिला प्रश्न देवकाचा, बाकीचं नंतर.

पुढे मी कोथरूडला कॉम्प्युटरवरच्या डेटाबेसचा क्लास लावला. चाळिशीची बाई, वर्गात सगळी कॉलेजची पोरं. पण टेबल, फॉर्म, क्वेरी, रिपोर्ट हे चार शब्द मी असे काही धरले की सर म्हणाले, "काकू, तुम्ही नोकरीला लागा." नोकरी कुठली, मी घरी येऊन दोन्ही वह्या कॉम्प्युटरात भरल्या.

आज या सॉफ्टवेअरला जुनाट म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी आमच्या खोऱ्यातल्या लाइटीवर आणि रेंजवर कधी काम केलेलं नसतं. त्याला इंटरनेट लागायचं नाही. अख्खं केंद्र एका फाइलीत, फाइल पेनड्राइव्हमध्ये, पेनड्राइव्ह माझ्या बटव्यात. फॉर्म मी माझ्या हातानं मांडलेला, रकाने आपल्या माणसांचे. मामाचं गाव. भात लावता येतं का. सासू-सासऱ्यांजवळ राहणार का. शहरातल्या कुठल्या तयार प्रोग्रॅमात मामाचं गाव विचारतात, सांगा मला. आणि वय. जन्मतारीख एकदा घातली की वय ते स्वतः मोजायचं, रोजच्या रोज, न चुकता. एखादी आई आली की मी तिच्या मुलाच्या अटी घालायची, बटण दाबायची आणि चहा गाळून होईपर्यंत जुळणाऱ्या मुलींचे कागद छापून तिच्या पिशवीत. बायका म्हणायच्या, "ताईंच्या मशिनीत देव हाय." मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

छळही काही कमी नव्हता. मराठी अक्षरं ज्या फॉन्टात टाइप केली तो दुसरीकडं नसला की आडनावांच्या जागी नुसती चिन्हं दिसायची. फाइल फुगत जायची, ती वेळच्या वेळी आवळली नाही की उघडायलाच नकार. बदल केला की न विचारता जतन. एकदा आमची मांजर कीबोर्डवरून गेली आणि एका मुलाची उंची वाढली, ते मला त्याची आई भांडायला आल्यावर कळलं. पण माझं डोकं खरं फिरायचं ते नोंद क्रमांकावर. एखादी नोंद काढून टाकली की तिचा नंबर कायमचा गेला. बारानंतर एकदम चौदा. पडलेल्या दातासारखी फट. मी सरांना फोन करून विचारलं होतं, ही बुजवता येत नाही का? ते म्हणाले, "नाही काकू. गेलेला नंबर मशीन दुसऱ्या कुणाला देत नाही." म्हटलं, अजब कारभार आहे.

आता ती मुलगी. नोंद क्रमांक चारशे सतरा.

कोळवणच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथून मायलेकी आल्या होत्या. आईला नवऱ्यानं पोटुशी असताना सोडलेलं. माहेरी भावांनी पडवीतली एक खोली दिली, तिथं राहून, भातलावणीला आणि शहरवाल्यांच्या फार्महाऊसवर कामाला जाऊन तिनं मुलगी दहावी केली. मुलगी तेविशीची. दोन वेण्या घातलेला फोटो घेऊन आलेली, माझ्यासमोर खुर्चीच्या कडेला बसलेली. मी एकेक रकाना भरत गेले. देवकापाशी आले.

"देवक कुठलं, मावशी?"

आईनं पदर सारखा केला. "ते ऱ्हाऊ द्या कोरं."

"अहो, देवक लागतंच."

"त्येच्या घरचं हाय ते. त्यानं माज्या पोरीचं त्वांड बी बगितलं न्हाई. त्येच्या घरचं कायबी माज्या लेकीच्या कागदावर नगं. शाळंत आडनाव लावलं, त्येवढं बास झालं."

मला ती बाई एकदम आवडली. एवढं ताठ बोलणारी आई माझ्या खोलीत क्वचितच येते, बहुतेक हात जोडत येतात. मी रकाना तसाच सोडून पुढं जायला लागले तर मशीन अडलं. हा रकाना रिकामा ठेवता येणार नाही, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आलं. ती अट मीच घातलेली होती, त्या कळंबाच्या फजितीनंतर. मी म्हटलं, तू कोण सांगणारा? फाइलीच्या रचनेत गेले आणि अटच काढून टाकली. रकाना कोरा राहिला, मशीन गप्प बसलं. मला वाटलं, मी मशीनला माणुसकी शिकवली.

त्यानंतर ती मुलगी बाजाराच्या दिवशी पौडला यायची, ती माझ्याकडं डोकावल्याशिवाय जायची नाही. कधी करवंदं, कधी गावठी काकडी, कधी वालाच्या शेंगा टेबलावर ठेवायची आणि विचारायची, "काय आलंय का वो ताई?" मी तिच्या देखत शोध लावायची. शून्य. स्क्रीन तिच्याकडं वळवून दाखवायची. "नाही गं. मशीन काही दाखवत नाही."

तिनं पिशवी उचलायची, "बरं" म्हणायचं आणि जीपच्या थांब्याकडं चालू लागायचं.

कुणी म्हणेल, बाई, इतकी वर्षं शून्य येतंय तर तुला शंका कशी आली नाही? हेच तर मला खातं. शंका आली नाही, कारण मला नवल वाटलं नाही. बाप असून नसलेला, भाऊ नाही, जमीन नाही. मी मनात म्हणायची, अशा मुलीला कोण करून घेणार? वह्यांच्या काळात मी निदान एखाद्या आईला म्हटलं असतं, "ही बघा, पोरगी गुणाची आहे." आता मी काही म्हणतच नव्हते, बटण दाबत होते. आणि तिला काय सांगायचं, तर म्हणायची, "लोकांच्या अपेक्षा फार वाढल्यात बाई." ज्या लोकांनी तिचा कागद हातातसुद्धा धरला नव्हता, त्यांच्या अपेक्षा मी तिला सांगत होते.

दोन वर्षांपूर्वी तिची आई एकदा एकटीच आली. पायरी चढताना दम लागला होता. मी पाणी दिलं, ते तिनं नुसतं हातात धरलं.

"बाई, खरं सांगा. माज्यामुळंच लोकं पोरीला न्हाई म्हनत्यात न्हवं?"

मला तेव्हा घाई होती, आत दुसरी मंडळी बसली होती. मी म्हटलं, "लोक तसेच असतात, मावशी. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

म्हणजे मी होच म्हटलं. महिन्याभरानं ती गेली. दहाव्याला मी गेले होते. मुलगी मला बघून रडली नाही, चहा घेणार का म्हणून विचारलं.

गेल्या वर्षी जुना कॉम्प्युटर मध्येच बंद पडायला लागला म्हणून नवा घेतला. फाइल हलवायच्या आधी सगळं जागेवर आहे की नाही ते बघावं म्हणून मी देवकवार यादी काढली. कळंब इतके, पंचपालवी इतके, वड इतके. बेरीज केली. फाइलीतली एकूण माणसं आणि बेरीज यात चौघांचा फरक. पुन्हा केली, कागदावर हातानं केली. चारच कमी.

मग मी मशीनला तो प्रश्न विचारला, जो अकरा वर्षांत एकदाही विचारला नव्हता. ज्यांचं देवक कोरं आहे, ते दाखव.

चार ओळी आल्या. दोघांची लग्नं बाहेरच्या बाहेर होऊन गेली होती, एक नोंद माझ्याकडून चुकून अर्धवट राहिलेली. चौथी चारशे सतरा.

मी क्लासची जुनी वही शोधून काढली. तिच्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: रिकामं म्हणजे 'नाही' नव्हे, रिकामं म्हणजे 'माहीत नाही'. खाली दोन रेघाही मारलेल्या. लिहिलं आणि विसरले. माझा शोध असा असायचा: ज्यांचं देवक या मुलाच्या देवकापेक्षा वेगळं आहे, अशा मुली दाखव. कोऱ्या रकान्याला मशीन 'सारखं' म्हणत नाही आणि 'वेगळं'ही म्हणत नाही. त्याला माहीतच नाही, म्हणून ते अशा माणसाला बाजूला ठेवतं. कुठल्याही मुलासाठी शोधा, ती यायची नाही. तिच्यासाठी मुलगा शोधा, एकही यायचा नाही. ती त्या फाइलीत होती आणि कुणालाच दिसत नव्हती.

मला त्या सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना एकच सांगायचंय. फॉन्टचा घोळ, फाइलीचं फुगणं, ते मांजरीचं, सगळं माफ. पण शोध लावल्यावर सापडलेले दाखवता तसं खाली बारीक अक्षरात एवढं लिहा, की इतक्यांकडं मी पाहिलेलंच नाही. एक ओळ. तेवढी ओळ असती तर मी पहिल्याच बाजाराला कपाळाला हात लावला असता. त्यांचं म्हणणं असेल, आम्ही बाईंना रकाना कोरा ठेवू देत नव्हतो, त्यांनीच अट काढली. बरोबर आहे. 

मग मी तिच्यासाठी पुन्हा शोध लावला, देवकाची अट बाजूला ठेवून. त्या वर्षांत माझ्याकडं नोंदलेली, वयानं, शिक्षणानं, सगळ्या बाजूंनी तिला जुळणारी सतरा मुलं निघाली. त्यांतला एक मुठा खोऱ्यातला, एस.टी.त वाहक. त्याच्या 'अपेक्षा' रकान्यात मीच टाइप केलेलं होतं: काही नाही, घरी आई एकटी आहे, तिच्याशी नीट बोलणारी असावी. तोही बाजाराच्या दिवशीच यायचा. त्याच खुर्चीवर बसायचा. चार वर्षं थांबला आणि मग मीच त्याचं लग्न दुसरीकडं जुळवून दिलं. अक्षता टाकायला गेले होते, जिलबी खाऊन आले.

दोन दिवस मी केंद्र बंद ठेवलं. तिसऱ्या दिवशी तिच्या नोंदीचा कागद छापला. जुळलेल्यांचेच कागद छापायची माझी पद्धत, म्हणून तिचा कागद त्याआधी कधी छापलाच गेला नव्हता. तो घेऊन दुपारच्या जीपनं कोळवणला गेले.

ती आता एका पुण्याच्या कुटुंबाचं फार्महाऊस सांभाळते. मालक महिन्यातून दोन दिवस येतात, बाकी ती एकटी. मी गेले तेव्हा व्हरांडा पुसत होती. मला बघून हात धुतले, खुर्ची आणली, स्वतः पायरीवर बसली. मी सगळं सांगितलं. मशीनचं, रकान्याचं, शून्याचं. सतरा मुलांचंही सांगितलं, फक्त त्या वाहकाचं तेवढं माझ्याच्यानं सांगवलं नाही.

तिनं मध्येच थांबवलं.

"म्हंजी मला कुनी न्हाई म्हनलंच न्हवतं?"

"नाही. कुणीच नाही."

ती समोरच्या खाचरांकडं वळली. म्हणाली, "ह्ये आईला कळाया पायजे व्हतं. जाताना तेच म्हनत व्हती. माज्यामुळं तुला लोकं न्हाई म्हनत्यात."

मला रडू आवरलं नाही. तिच्यासमोर, तिच्या दारात, मी रडत बसले आणि पाणी आणायला तीच उठली. आईला तरी यातून सोडवावं म्हणून मी म्हटलं, "तुझ्या आईचा काही दोष नाही गं. देवक लिहायचं माझ्याकडून राहून गेलं. मी विसरले."

"तुमी कुटं इसरला?" ती म्हणाली. "म्या व्हते की तितं. आईनंच कोरं ठिवा म्हनलं. तिचं काय चुकलं न्हाई. त्या मानसाचं कायबी नगंच व्हतं आमाला."

"हो."

"पर तुमचं चुकलं, ताई." आवाज चढवला नाही तिनं. "दर बाजाराला येत व्हते मी. तुमी एकदा तरी त्या मशिनीला इचारायचं, ही पोरगी दिसत का न्हाई म्हनून."

आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ सुनावलंय आणि मी प्रत्येकाला दोन जास्त परत दिलीत. तिला मी फक्त तिचा कागद दिला.

तिनं कागद हातात घेतला. फोटो बघून थोडी हसली. "ही कवाची मी. दोन येन्या." मग बोट खाली नेलं. "आन वय चौतीस."

"ते मशीन आपोआप मोजतं."

"त्येवढं बरुबर मोजलं," ती म्हणाली.

मी म्हटलं, अजून काही उशीर झालेला नाही, आता मी स्वतः फिरते, घरोघर जाते, तुझा कागद घेऊन. तिनं मान हलवली. "नगं आता. माजं नाव काढा त्यातनं. ज्या जागी कुनी बगत न्हाई, तितं कशाला ऱ्हाऊ?" कागद मात्र तिनं परत दिला नाही. आत जाऊन आईच्या फोटोमागं सरकवून आली.

घरी येऊन मी फाइल उघडली. चारशे सतरावर आले. काढून टाकायचं बटण दाबल्यावर मशीननं विचारलं, ही नोंद कायमची जाईल, नक्की का? अकरा वर्षांत त्यानं तिच्याबद्दल विचारलेलं हे पहिलं. तिनंच सांगितलं होतं. हो म्हटलं.

मग फाइल नव्या कॉम्प्युटरवर नेली. ती हलवून देणारा कॉम्प्युटरवाला म्हणाला, "मॅडम, तुमच्या नंबरांत मध्ये मध्ये गॅप आहेत. आता नव्यानं सलग लावून देऊ का? दोन मिनिटांचं काम आहे."

इतकी वर्षं मला त्या फटींचा राग होता. मी म्हटलं, "राहू द्या."

माझ्या यादीत चारशे सोळानंतर चारशे अठरा येतो.